धुरावरून अग्नी

आज आपल्यासमोर एका यंत्राचा इतिहास मांडायचा आहे. हे यंत्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे, पण त्याच्याकडे लक्ष देऊन फारसे कुणी पाहिलेले नाही. हॉटेलच्या खोलीत पलंगावर आडवे झालो की छताला वाटीएवढी एक पांढरी डबी दिसते आणि तिच्यात एक बारीक दिवा अधूनमधून लुकलुकतो. बँकेत, दवाखान्यात, कार्यालयात, सगळीकडे ती असते. धूर किंवा आग ओळखणारे हे यंत्र.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने या डबीवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण थोडा विचार केला तर उलटेच दिसेल. भारतीय तर्कशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला अनुमानाचे पहिले उदाहरण कोणते शिकवतात? डोंगरावर धूर दिसतो आहे, म्हणजे डोंगरावर आग आहे. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रह’ लिहिला, त्यात हेच उदाहरण आहे, आणि त्यांच्याही आधी कित्येक शतके नैयायिक, बौद्ध, जैन असे सगळे याच डोंगराभोवती वाद घालत होते. म्हणजे धुरावरून आग कशी ओळखायची, हा प्रश्न आमच्या शास्त्राचा घरचाच आहे. यंत्र त्यात बरेच उशिरा आले.

तर आधी त्या उदाहरणाची मांडणी पाहू, म्हणजे पुढचा इतिहास समजायला सोपा जाईल. समोर डोंगर आहे, त्याला म्हणतात पक्ष. सिद्ध करायची ती आग, म्हणजे साध्य. ज्याच्या आधाराने सिद्ध करायची तो धूर, म्हणजे हेतू किंवा लिंग. लिंग म्हणजे इथे खूण, चिन्ह. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, हा जो कायमचा संबंध, तिला म्हणतात व्याप्ती. हा संबंध आपण शिकलो कुठे? स्वयंपाकघरात. चुलीपाशी धूर आणि आग एकत्र असतात, हे आपण पुन्हा पुन्हा पाहिलेले असते. आणि तळ्यात आग नसते, तसा धूरही नसतो. हे उलट बाजूचे उदाहरण.

आता गंमत पाहा. धुरावरून आग ओळखता येते, पण आगीवरून धूर ओळखता येत नाही. लोखंडाचा गोळा लालबुंद तापवला तर त्यात आग आहे, पण धूर नाही. धुरासाठी नुसती आग पुरत नाही, ओले जळण लागते. या जास्तीच्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. आणि ज्याला दुरून धूर समजलो ती धूळ किंवा धुके निघाले, तर हेतूच खोटा ठरतो, अनुमान कोसळते. चार्वाकाने तर मुळावरच घाव घातला. तो म्हणाला, जगातला सगळा धूर तुम्ही पाहिला आहे का? मग सगळीकडे असेच असते, हे कशावरून?

या तीन शंका लक्षात ठेवा. धूर नसलेली आग, आग नसलेला धूर किंवा धुरासारखे काहीतरी, आणि आजवर असे झाले म्हणून पुढेही तसेच होईल का, ही शंका. आग ओळखणाऱ्या यंत्रांचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे याच तीन शंकांशी चाललेली झटापट आहे. कारण एक गोष्ट आपण विसरतो. ती छतावरची डबी आग ओळखत नाही. आग तिला कधीच दिसत नाही. तिला दिसते फक्त एक खूण. तिच्यावरून आगीचा निष्कर्ष काढला जातो. आणि खुणेवर चालणारा प्रत्येक जण, माणूस असो की यंत्र, दोन प्रकारांनी चुकू शकतो. आग नसताना ओरडतो, किंवा आग असताना गप्प बसतो.

पाहणारा माणूस

सुरुवातीला यंत्र नव्हते, माणूस होता. मनोऱ्यावर पहारेकरी बसायचा, धूर दिसला की घंटा वाजवायचा. एकोणिसाव्या शतकात तारायंत्र आले तेव्हा पहिली सुधारणा झाली ती ओळखण्यात नव्हे, कळवण्यात. अमेरिकेत बोस्टन शहरात विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांनी १८५२ मध्ये शहरभर तारेने जोडलेल्या पेट्या बसवल्या. आग दिसली की पेटीतला दांडा फिरवायचा, मग मध्यवर्ती कचेरीला पेटीचा क्रमांक कळायचा. पण पेटीपाशी धावत जाणारा माणूस लागतच होता. धूर पाहणे आणि त्यावरून अनुमान करणे, दोन्ही त्याच्याकडेच.

यातली उणीव उघड आहे. माणूस झोपतो. तो दुसरीकडे बघत असतो. रात्री गोदामात कुणी नसते.

ऊन लागले की वाजणारी घंटा

यंत्राने जी पहिली खूण धरली ती धुराची नव्हती, उष्णतेची होती. कारण सोपे आहे. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, मेण वितळते, काही मिश्रधातू थोड्याशा तापमानालाही पाघळतात. त्यांच्या हालचालीने विजेचे मंडल जोडता येते. एडिसनच्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत फ्रान्सिस रॉबिन्स अप्टन नावाचे गणिती होते. एडिसनच्या कल्पना आकड्यांत बसवून देण्याचे काम त्यांच्याकडे असे. त्यांनी फर्नांडो डिबल यांच्याबरोबर १८९० मध्ये विजेवर चालणाऱ्या आग-सूचकाचे पेटंट घेतले. पुढे १९०२ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जॉर्ज अँड्र्यू डार्बी यांनीही उष्णता ओळखणारे यंत्र केले.

याच घराण्यातली आणखी एक वस्तू आजही आपल्या डोक्यावर असते. छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर. त्याच्या तोंडाशी काचेची एक छोटी कुपी असते, आत द्रव असतो. कुपीचा रंग लाल असेल तर ती साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुटते. म्हणजे ती कुपीच एक अनुमान करते. छताजवळ ६८ अंश झाले, म्हणजे खाली आग आहे.

ही व्याप्ती मोठी भक्कम आहे, बरं का. अगरबत्तीने खोली ६८ अंश तापत नाही. फोडणीने तापत नाही. उष्णतेवर चालणारे यंत्र उगाच ओरडत नाही. पण ते उशिरा ओरडते. छत तापेपर्यंत आग चांगली मोठी झालेली असते. आणि आगीत माणसे बहुधा जळून मरत नाहीत, धुराने गुदमरून मरतात. कार्बन मोनॉक्साइडने आधी शुद्ध हरपते. खूण पक्की असली तरी ती उशिरा आली, तर निष्कर्ष बरोबर निघतो आणि माणूस जातो. तर्कशास्त्राच्या पुस्तकात वेळ हा दोष लिहिलेला नाही. इथे मात्र तोच सगळ्यात मोठा दोष ठरतो.

मुंबईतला धूर

धुराची खूण उष्णतेच्या कितीतरी आधी येते, हे दाखवणारे आणि नुसती खूण दिसून भागत नाही, हेही दाखवणारे एक उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. १४ एप्रिल १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज लागले होते. पोटात कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या आणि त्याच जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके.

कापूस कसा जळतो, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे. भडकत नाही. आतल्या आत धुमसत राहतो. ज्वाला नाही, बाहेर फारसा ताप नाही, फक्त धूर. दुपारी साडेबाराच्या सुमाराला आसपासच्या जहाजांवरच्या काही जणांना ‘फोर्ट स्टिकिन’मधून धुराची रेघ निघताना दिसली होती. त्यांनी ती पाहिली आणि सोडून दिली. जहाजावरची गडबड सुरू झाली ती जेवणाच्या सुट्टीनंतर, दीडच्या पुढे, कामगार परत आले तेव्हा. स्फोटके असलेल्या जहाजावर लाल निशाण लावण्याची रीत होती, ते लावलेले नव्हते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे गेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ ते २० एप्रिल या काळात देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ.

आता नैयायिकाच्या भाषेत विचारू. इथे कमी काय पडले? धूर होता. तो दिसलाही होता. धूर तिथे आग, ही व्याप्ती प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होती. मग अनुमान का झाले नाही? नैयायिक म्हणतात, खूण दिसणे आणि नियम माहीत असणे एवढ्याने ज्ञान होत नाही. दोन्ही एकत्र मनात यावे लागतात. ‘आगीशी कायमचा बांधलेला असा धूर, तो या इथे, या डोंगरावर आहे’ असा ठाम विचार व्हावा लागतो. या विचाराला ते परामर्श म्हणतात. साडेबारा ते दीड या तासाभरात परामर्श झाला नाही. दुसऱ्याच्या जहाजावरचा धूर आपला प्रश्न नाही, असे पाहणाऱ्यांनी धरले असावे. निशाण नसल्याने आत काय आहे, हेही त्यांना माहीत नव्हते. परामर्श हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

सिगारेटचा धूर आणि हवेतली वीज

धूर आधी येतो, तर यंत्राने धूरच ओळखावा. पण कसा? हे कोडे सुटले ते योगायोगाने, स्वित्झर्लंडमध्ये.

१९३०च्या दशकाच्या अखेरीला वॉल्टर येगर नावाचे स्विस भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे यंत्र करू पाहत होते. युद्ध तोंडावर होते, गरज समजण्यासारखी आहे. त्यांची कल्पना अशी : हवेच्या कणांवर विद्युतभार ठेवायचा, म्हणजे दोन पट्ट्यांमधून अगदी क्षीण प्रवाह वाहील. विषारी वायू आत शिरला की तो त्या भारित कणांना चिकटेल आणि प्रवाह बदलेल. वायू सोडला, पण मीटरचा काटा हलेना. हकीकत अशी सांगतात, की वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली आणि काटा हलला. वायूने जे केले नाही ते धुराच्या कणांनी केले.

पण तो बदल इतका सूक्ष्म होता, की त्याच्यावर घंटा वाजवणे कठीण. एर्न्स्ट माइली या दुसऱ्या स्विस भौतिकशास्त्रज्ञाने असा एक विद्युत दिवा तयार केला, जो हा बारीक संकेत मोठा करू शके. १९४१ मध्ये बाड रागाझ या गावी त्यांची कंपनी निघाली. नाव ठेवले सेर्बेरुस. ग्रीक पुराणात पाताळाच्या दाराशी तीन तोंडांचा कुत्रा पहारा देतो, त्याचे हे नाव. पहारेकऱ्याला शोभणारेच.

हवा भारित करायला किरणोत्सारी द्रव्य लागते. सुरुवातीला रेडियम वापरत. पुढे अमेरिशियम–२४१ आले. हे मूलद्रव्य ग्लेन सीबॉर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धात, अणुबॉम्बच्या प्रकल्पाच्या काळात शोधले. सीबॉर्ग यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये मुलांच्या एका रेडिओ कार्यक्रमात, एका मुलाने प्रश्न विचारला म्हणून, नवी मूलद्रव्ये सापडल्याचे सांगून टाकले. शास्त्रीय सभेत सांगण्याआधीच! हे द्रव्य प्लुटोनियमपासून तयार होते. घरगुती यंत्रात ते साधारण एक मायक्रोक्युरी एवढेच असते. त्याचा अर्धा भाग नाहीसा व्हायला सुमारे ४३२ वर्षे लागतात. त्यातून निघणारे अल्फा कण कागदानेही अडतात, त्यामुळे डबी फोडली नाही तर धोका नाही. अणुयुगाचा एक कण माणसाच्या झोपेवर पहारा देतो आहे, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवावी. विनाशाच्या कारखान्यातून निघालेली प्रत्येक वस्तू विनाशाच्याच कामाला लागते, असे नाही.

यंत्र घरात येते

ही यंत्रे आधी महाग होती. कारखाने, गोदामे, सरकारी इमारती एवढ्यांपुरती. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने किरणोत्सारी द्रव्य असलेली धूर-यंत्रे वितरित करण्याचा पहिला परवाना १९६३ मध्ये दिला, आणि १९६९ मध्ये घरमालकांना ती विनापरवाना वापरू दिली. त्याच सुमाराला कोलोरॅडोत ड्युएन पिअरसॉल यांची स्टॅटिट्रॉल ही छोटी कंपनी स्थिर वीज घालवणारे उपकरण करत होती. तिथेही सिगारेटच्या धुराने मीटर हलला, आणि त्यातून बॅटरीवर चालणारे, घरात लावता येईल असे स्वस्त यंत्र निघाले. दोन देशांत, दोन वेगळ्या कामांत, दोनदा सिगारेट! खूण आपल्या समोरच असते, ती खूण आहे असे कुणाला तरी सुचावे लागते.

१९७३ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय आयोगाने आगीवर एक अहवाल दिला. त्या देशात दरवर्षी सुमारे १२,००० माणसे आगीत मरतात, असे त्यात म्हटले होते. श्रीमंत, प्रगत देशाला हा आकडा लाजिरवाणा वाटला. मग प्रयोग झाले. इंडियाना राज्यात पाडायला काढलेली खरीखुरी घरे घेतली, त्यांत यंत्रे लावली, मुद्दाम आगी लावल्या आणि घड्याळ लावून मोजले. निष्कर्ष असा निघाला, की प्रत्येक मजल्यावर एक यंत्र असेल तर बहुतेक आगींत माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. त्यानंतर कायदे झाले. यंत्र स्वस्त झाले. १९८०च्या आसपास अमेरिकेत घरांच्या आगीत वर्षाला पाच हजारांच्या आसपास माणसे मरत, ती संख्या पुढे जवळजवळ निम्म्यावर आली. सगळे श्रेय या डबीचे नाही, धूम्रपान घटले, घरांचे नियम सुधारले. पण तिचा वाटा मोठा आहे.

दरम्यान धूर ओळखण्याची दुसरी रीतही घरात आली. ती समजायला जुन्या कौलारू घराची आठवण पुरे. कौलातून कवडसा आला की त्याच्या वाटेत तरंगणारी धूळ चमकते. एरवी ती दिसत नाही. यंत्राच्या आत अंधाऱ्या कप्प्यात प्रकाशाचा झोत सोडलेला असतो, आणि प्रकाश ओळखणारा डोळा झोताच्या वाटेतून बाजूला ठेवलेला असतो. हवा स्वच्छ असेल तर डोळ्याला काही दिसत नाही. धूर आला की कण चमकतात, प्रकाश विखुरतो, डोळ्यावर पडतो, घंटा वाजते.

मग दोहोंतले चांगले कोणते? इथे नैयायिकाचा ‘ओले जळण’वाला मुद्दा परत येतो. धूर एकच नसतो. भडकलेल्या आगीचा धूर बारीक कणांचा, तो विद्युतभारवाले यंत्र आधी ओळखते. धुमसणाऱ्या गादीचा, सोफ्याचा, कापसाचा धूर जाड कणांचा, तो प्रकाशवाले यंत्र आधी ओळखते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, २००४ मध्ये हे मोजून दाखवले.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली, ती चार्वाकाला फार आवडली असती. १९७०च्या दशकातल्या प्रयोगांत यंत्र वाजल्यापासून बाहेर पडायला साधारण १७ मिनिटे मिळत होती. नव्या प्रयोगांत ती झाली साधारण ३ मिनिटे. का? घरातले सामान बदलले. कापूस आणि लाकूड जाऊन फोम आणि कृत्रिम धागा आला, तो झपाट्याने पेटतो. आजवर असे झाले म्हणून पुढे तसेच होईल, हे धरून बसलेल्यांना चार्वाकाने जे विचारले होते, तेच तीस वर्षांनी घड्याळाने विचारले.

लांडगा आला रे आला

आता यंत्राच्या दुसऱ्या चुकीकडे येऊ. आग नसताना ओरडणे. तिकडे मुलाकडे, मुलीकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना हे सांगायची गरज नाही. मोहरी तडतडली, मिरची तेलात पडली, आणि छतावरून कर्कश आवाज. मग एक जण खिडकी उघडतो, दुसरा स्टुलावर चढून डबीला पंचाने वारा घालतो. दोन दिवसांत कुणीतरी म्हणते, ते सेल काढूनच टाका पाहू.

इथे हसू येते, पण मृत्यूचे आकडे याच जागी दडलेले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या नोंदींप्रमाणे घरातल्या आगींत मरणाऱ्यांपैकी पाचात साधारण तिघे अशा घरांतले असतात, जिथे यंत्र नव्हते किंवा असून चालू नव्हते. चालू नसण्याचे मोठे कारण काढलेला किंवा संपलेला सेल, आणि सेल काढण्याचे मोठे कारण स्वयंपाकाचा धूर. म्हणजे एक चूक टाळायला यंत्र फार संवेदनशील केले, तर माणूस ते बंद करून दुसरी चूक ओढवून घेतो. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीत आपण नेहमी खोटे बोलणाऱ्या पोराला दोष देतो. पण लांडगा शेवटी आलाच होता आणि मेंढ्या गेल्याच होत्या. ऐकणाऱ्यांचा विश्वास कसा टिकवायचा, हा प्रश्न त्या गोष्टीत अनुत्तरितच राहतो.

अभियंत्यांनी यावर अलीकडे जे केले ते तर्कशास्त्राच्या दृष्टीने फार सुंदर आहे. अमेरिकेतल्या नव्या मानकांत यंत्राला एक परीक्षा द्यावी लागते. त्याच्यासमोर हॅम्बर्गर भाजतात, आणि त्या धुरावर ठरावीक मर्यादेच्या आत यंत्राने वाजायचे नाही. दुसऱ्या परीक्षेत फोम धुमसवतात आणि जाळतात, तेव्हा मात्र वेळेत वाजायचे. आमच्या शास्त्रकारांनी स्वयंपाकघर हे धूर आणि आगीच्या सोबतीचे आदर्श उदाहरण मानले. आता यंत्राला शिकवावे लागते, की स्वयंपाकघरातल्या धुराने घाबरू नकोस. तिथे आग आहे, हे खरेच आहे. पण ती आपण लावलेली आहे. ‘आग आहे’ हे खरे ज्ञान आणि ‘धोका आहे’ हे खरे ज्ञान, ही दोन वेगळी ज्ञाने आहेत.

आणि धूरच नसलेल्या आगीचे काय? तापलेल्या लोखंडी गोळ्याचा तो जुना प्रश्न. हायड्रोजनची ज्योत धूर सोडत नाही, दिवसाउजेडी डोळ्यांनाही जवळजवळ दिसत नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यांत, रासायनिक प्रकल्पांत म्हणून वेगळे यंत्र लावतात. ते ज्योतीतून निघणारे अतिनील किंवा अवरक्त किरण पाहते. अवरक्त किरणांवर चालणारी काही यंत्रे ज्योतीचा थरथराटही तपासतात. तापलेला पाइप किरण सोडतो, पण स्थिर सोडतो. ज्योत सेकंदाला काही वेळा लवलवते. म्हणजे आगीचा चंचलपणा हीच खूण!

डोंगर पुन्हा समोर येतो

शेवटी आपण मूळ उदाहरणाच्या डोंगराकडे येऊ, खऱ्या डोंगराकडे. आज डोंगरावर पाहतो कोण? उपग्रह. नासाचे टेरा आणि ॲक्वा हे उपग्रह अनुक्रमे १९९९ आणि २००२ मध्ये सुटले. सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरण्यासाठी ते सोडलेले होते. त्यांवरचे मोडिस हे उपकरण अवरक्त किरणांत जमीन पाहते, आसपासच्या मानाने जास्त तापलेला ठिपका शोधते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून त्यावरून राज्यांच्या वनखात्यांना वणव्याच्या सूचना देऊ लागली. २०११ मध्ये सुटलेल्या दुसऱ्या एका उपग्रहावरचे उपकरण आणखी बारीक, ३७५ मीटरच्या चौकटीत पाहते.

इथे डोंगर तोच, आग तीच, पण धूर लिंग राहिला नाही. खूण पुन्हा उष्णतेची. आणि फसवणूक कोण करते? तळे! पाण्यावरून सूर्य चकाकतो, तो चकाकणारा ठिपका आगीसारखा भासतो. तो वगळायला गणितात वेगळी सोय करावी लागली. जिथे आग कधीच नसते म्हणून आमच्या ग्रंथांनी तळ्याचे उदाहरण घेतले, तेच तळे आकाशातल्या डोळ्याला आग वाटते.

आणखी एक. कोकणात आणि मावळात भातरोपांसाठी राब भाजतात. उपग्रहाला राबही तापलेला ठिपका आणि वणवाही तापलेला ठिपका. फरक सांगणार कोण? त्या गावचा माणूस, किंवा तिथवर चालत जाणारा वनरक्षक. शिवाय उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हाच पाहणार, ढग असले तर तेही नाही.

परामर्श कुणाचा?

म्हणून परामर्शाकडे परत येऊ. ९ जानेवारी २०२१ची पहाट, भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय. नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत १७ बाळे होती. सात वाचली, दहा गेली. रात्री दीड-दोनची वेळ. दार उघडल्यावर धूर दिसला तो कामावरच्या परिचारिकेला, असे तेव्हाच्या वृत्तांत आले. त्या बाळांकडे पाहा. त्यांना धूर म्हणजे काय, हे ठाऊक नव्हते. व्याप्ती त्यांनी शिकलेली नव्हती. उठून पळता येत नव्हते. आणि आपण मोठी माणसे तरी झोपेत कितीशी वेगळी असतो? झोपेत धुराचा वास भरवशाने जाग आणत नाही, आवाज आणतो. ज्याला त्या क्षणी कसलेच ज्ञान होऊ शकत नाही, अशा जिवासाठी दुसऱ्या कुणीतरी आधीच अनुमान करून ठेवणे, हा या यंत्राचा खरा अर्थ आहे. कुणी तरी, कधी तरी, दिवसाउजेडी, शांतपणे बसून आपल्या वतीने विचार केलेला असतो.

पण तो विचार टिकवावा लागतो. महाराष्ट्रात २००६चा अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. त्याप्रमाणे इमारतीतल्या अग्निसुरक्षेच्या यंत्रणा चालू आहेत, असे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. हे प्रमाणपत्र म्हणजे काय? आमच्या भाषेत तेही एक लिंगच आहे, कागदाचे. कागद आहे, म्हणजे यंत्रणा चालू आहे, अशी त्याची व्याप्ती. ती व्याप्ती खरी आहे की नाही, हे कुणीतरी डबीखाली उभे राहून, बटण दाबून, आवाज ऐकून तपासले तरच कळते. न तपासता सही केली, तर कागद म्हणजे धुके. धुरासारखे दिसते, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

इतिहासाने आपल्याला खुणा दिल्या. उष्णतेची, धुराची, ज्योतीच्या थरथराटाची, आकाशातून दिसणाऱ्या ठिपक्याची. प्रत्येक खूण आधीच्या खुणेची एक चूक दुरुस्त करते आणि स्वतःची एक नवी चूक घेऊन येते. निर्दोष खूण सापडलेली नाही, सापडण्याचा संभवही दिसत नाही. तेव्हा आपल्या हातात राहते ते एवढेच : खूण मिळाल्यावर ‘हे इथे, आपल्या इमारतीत, आत्ता चालले आहे’ असे म्हणून उठणे. यंत्र वाजू शकते. उठायचे आपल्यालाच असते.

जाण्यापूर्वी एक विनंती. आपल्या सोसायटीत, कार्यालयात, मुलांच्या वसतिगृहात ही डबी असेल, तर उद्या तिथल्या जबाबदार माणसाला एकच प्रश्न विचारा : ही शेवटची कधी वाजवून पाहिली? उत्तर आले तर उत्तम. उत्तराऐवजी फाईल पुढे आली, तर नम्रपणे फाईल बाजूला ठेवा आणि स्टूल मागवा.

आता आपले प्रश्न घेऊ.